प्रत्येक कागदावर चौदा एप्रिल

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. किती जुना, ते आता माझं मलाच धड सांगता येत नाही. लोअर परळला पुलाजवळ भंगाराचं एक दुकान आहे. आत शिरलात की डाव्या हाताला बंद पडलेल्या पंख्यांचा ढीग दिसेल. त्याच्या मागे एका फुटक्या मिक्सरला टेकून मी पडलो आहे. माझा पडदा केव्हाच विकला गेला. पेटीचं एका बाजूचं पत्र्याचं झाकणही जागेवर नाही, त्यामुळे आतल्या वायरी बाहेर डोकावतात आणि येणाऱ्याजाणाऱ्याला माझी आतडी दिसतात.

तुमच्या घरी पातळ, चकचकीत, मांडीवर मावणारे संगणक असतील. मला बघून हसू आलं तर खुशाल हसा. मी जड, सुरू होताना घरघर करणारा. पण तेवढं हसून झालं की माझी गोष्ट ऐका. खरं तर ती माझी कमी आणि माया नावाच्या बाईची जास्त आहे. माया ती स्वतः कुणाला सांगणार नाही. मी तिला चांगला ओळखतो, ती कधीच सांगणार नाही.

माझा जन्म ग्रँट रोडकडच्या एका गल्लीत झाला. तिथे दुकानादुकानांत संगणकाचे सुटे भाग मिळतात. पेटी एकाची, पंखा दुसऱ्याचा, आतला बोर्ड तिसऱ्याचा, असं करत एका कारागिराने मला जोडून उभं केलं. त्या बोर्डावर त्याने रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल सेल बसवला. वीज गेली, कुणी माझी वायर उपटली, तरी आजची तारीख लक्षात ठेवायची, एवढंच त्या सेलचं काम. इतका बारीक जिन्नस की कुणाच्या नजरेतही भरत नाही. पण तुम्ही तो ध्यानात ठेवा.

पहिली नोकरी मी लोअर परळमध्येच केली. जुन्या गिरणीच्या आवारात एक काचेचं ऑफिस उभं राहिलं होतं. तिथे जगदीश शिपाई होता. त्याच आवारात, त्याच फाटकातून त्याचे वडील साच्यावर, म्हणजे कापडाच्या मागावर, कामाला जात असत. पुढे ऑफिसने नवे संगणक घेतले, आम्हा जुन्यांना जिन्याखाली रचून ठेवलं. जगदीशने साहेबांना विचारून मला मागून घेतलं, जाजमात गुंडाळलं आणि टॅक्सीत स्वतःच्या मांडीवर घेऊन भोईवाड्याला आणलं. "आमच्या बापाला गिरणीच्या फाटकातून बाहेर काढलं तेव्हा हातात काही नव्हतं. मी निदान मशीन तरी घेऊन निघालो," असं तो पुढे बरीच वर्षं सांगायचा.

भोईवाड्याच्या कोर्टाजवळ एका इमारतीच्या जिन्याखाली त्याने जागा घेतली होती. दोन खुर्च्या, एक टेबल, एक छपाईयंत्र आणि मी, एवढ्यात ती भरून गेली. दुकान सुरू करायचा दिवस ठरला चौदा एप्रिल, साल दोन हजार पंधरा.

"अहो, जयंतीला कोर्ट बंद," त्याची बायको माया म्हणाली. "गिऱ्हाईक कुठून येणार?"

"गिऱ्हाईक उद्या येईल गं. मुहूर्त आपण बघत नाही. मग या दिवसापेक्षा चांगला दिवस कुठला?"

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरींपुढे मेणबत्ती लावली, त्रिशरण म्हटलं आणि मायाने मला सुरू केलं. पहिला कागद टाइप झाला तो चाळीतल्या जयंतीच्या कार्यक्रमाचा. तो मायाने टाइप केला, जगदीशने वाचला, आणि शेवटी तिने ते बटण दाबलं. या सगळ्या गोष्टीचं मूळ त्या बटणात आहे.

ते बटण काय करायचं, ते सांगतो. संगणकावर लिहिलेला कागद दोन तऱ्हांनी ठेवता येतो. एक कच्चा. तो कुणीही उघडावा, हवा तो शब्द बदलावा. दुसरा पक्का. तो वाचता येतो, छापता येतो, पण सहजासहजी त्यात हात घालता येत नाही. पीठ आणि भाजलेली भाकरी यांत जेवढा फरक, तेवढाच. या पक्क्या कागदाला सगळे पीडीएफ म्हणतात. कोर्ट, सरकारी कचेऱ्या, शिष्यवृत्तीवाले, सगळ्यांना पीडीएफच लागते. माझ्याकडे एका कंपनीचं छोटं जोडसॉफ्टवेअर होतं. त्याचं एक बटण दाबलं की कच्च्याचा पक्का कागद होई, आणि मायाने टाइप केलेलं मराठी अक्षर न् अक्षर जसंच्या तसं राही.

काय दिवस होते ते! टाइपिंगच्या क्लासात मायाने परीक्षा दिली होती आणि तिची बोटं थांबत म्हणून नसत. जगदीश दारात उभा राहून लोकांची गाऱ्हाणी ऐकायचा आणि तिला मजकूर सांगायचा. वारसाचे अर्ज, पोटगीचे अर्ज, जातपडताळणीचे अर्ज, मुलांच्या फीमाफीची पत्रं. परळ-नायगावच्या चाळींतून लोक यायचे, कोळीवाड्यातून बायका यायच्या. "जगदीशच्या कंप्युटरवरचा कागद परत येत नाय," असं बोललं जायचं. ते ऐकून माझा पंखा जरा जोरात फिरायचा. आहे मला अभिमान, नाही कशाला म्हणू?

मग एका सकाळी ते बटण राखाडी झालं. मायाने दाबलं, पुन्हा दाबलं. पडद्यावर चौकट आली. ही सोय आता बंद करण्यात आली आहे, नवी आवृत्ती घ्यावी, असं त्यात लिहिलं होतं. नवी आवृत्ती माझ्या जुन्या पोटात मावेना. नवा संगणक घ्यावा, तर मायाचा जुना मराठी टाइप नव्यावर चालेना, आणि तिचे सगळे नमुने त्याच टाइपात होते. ज्याने कुणी ती सोय काढली, तो दूर कुठेतरी बसला असेल. भोईवाड्याच्या जिन्याखाली आपल्या बटणावाचून किती जणांचं घोडं अडलंय, हे त्याच्या गावीही नसणार.

माया आणि जगदीशने मग जे जे सुचेल ते करून पाहिलं. कागद छापून त्याचा फोटो काढला, तर कचेरीचं पोर्टल म्हणे फोटो चालणार नाही, टाइप केलेलाच हवा. फाइल मोबाइलवर पाठवून तिथून पीडीएफ केली, तर मोबाइलला हा टाइप ओळखेना आणि सगळ्या मजकुराची खिचडी झाली. एका फुकटच्या साइटवर टाकून पाहिलं, तर तिने प्रत्येक पानावर तिरक्या अक्षरांत स्वतःचं नाव छापून दिलं. ते बघून एका वकिलाने जगदीशला चार शब्द सुनावले. गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात जायला लागली. जगदीश हसून वेळ मारून न्यायचा, पण संध्याकाळी शटर आता लवकर ओढलं जाऊ लागलं.

आणि मग त्या सेलने मदत केली. तो अशक्त झाला होता. एकदा वीज गेली आणि परत आली, तेव्हा मी चुकून बऱ्याच वर्षांपूर्वीची तारीख दाखवत जागा झालो. माया ती दुरुस्त करणार, एवढ्यात तिचं लक्ष गेलं. बटण राखाडी नव्हतं! त्या बिचाऱ्या बटणाला वाटलं, बंद होण्याचा दिवस अजून उजाडायचाच आहे.

"अहो, इकडे या," ती ओरडली. "चालतंय!"

जगदीशने सेल बदलून घेतला आणि युक्ती पक्की केली. आधी इंटरनेटची वायर काढायची, नाहीतर मी आपोआप आजच्या तारखेवर येतो. मग तारीख मागे न्यायची. बटण दाबायचं, पीडीएफ करायची. तारीख पुन्हा पुढे आणायची, वायर लावायची. आता मागे न्यायची ती कोणत्या तारखेला? जुनी कुठलीही चालली असती. पण घाईत दोघांच्याही हातून चुकू नये अशी, कधी विसरायची नाही अशी तारीख त्यांच्याकडे एकच होती. चौदा एप्रिल, दोन हजार पंधरा.

तेव्हापासून दुकानात रोज जयंती येऊ लागली. आमच्या चाळीत दुसऱ्या कुणी हीच युक्ती केली असती, तरी चौदा एप्रिलच घेतला असता. एकदा जगदीशचा थोरला भाऊ लहू मुलीच्या, नम्रताच्या कागदांसाठी आला होता. तो खुर्चीत बसून हे सगळं बघत होता.

"काय रे, आली का परत जयंती?" तो खदखदून हसला. "नीळ उधळायची राहिली बघ."

"दादा, तुझ्या पोरीचा अर्ज पक्का होतोय, तो बघ," जगदीश म्हणाला.

नम्रताचा जातपडताळणीचा अर्ज त्या दिवशी पक्का झाला. लहूने मला थोपटलं. मला ते आवडलं होतं, हेही सांगून टाकतो.

प्रत्येक पीडीएफच्या पोटात, ती कोणत्या दिवशी तयार झाली ते लिहिलेलं असतं. वरून दिसत नाही, पण उघडून बघणाऱ्याला दिसतं. ते कुणी कधी बघितलं नाही. का बघावं? मजकूर खरा होता, सह्या खऱ्या होत्या, माणसं खरी होती.

दोन हजार एकवीसच्या एप्रिलमध्ये जगदीशला ताप आला. त्याला न्यायला गाडी आली तेव्हा दुकानाची किल्ली त्याच्या खिशात होती, ती नंतर त्याच्या कपड्यांबरोबर प्लास्टिकच्या पिशवीतून परत आली. मायाला त्याचा चेहरासुद्धा नीट बघायला मिळाला नाही. बरेच दिवस मी अंधारात होतो. मग एकदा शटर वर गेलं, ती एकटीच आत आली, खुर्ची पुढे ओढली आणि मला सुरू केलं. लोक यायला लागले होते. त्यांच्याही घरांतली माणसं गेली होती आणि त्यांना अर्ज करायचे होते.

आता मजकूर तीच ऐकायची, तीच लिहायची. वायर काढायची, तारीख मागे न्यायची. मित्रांनो, तेव्हा मला एक गोष्ट दिसायची, ती सांगतो. पीडीएफ झाल्यावर जगदीश लगेच तारीख पुढे आणायचा. माया आणायची नाही. पडद्याच्या कोपऱ्यातल्या त्या चौदा एप्रिलकडे ती बघत बसायची. त्या तारखेला तो दारात उभा होता, गिऱ्हाईक नव्हतं म्हणून फुटपाथवरच्या लोकांना बोलावून पेढे देत होता. समोर कुणी खाकरलं की ती भानावर यायची. "चला, येऊ या परत," असं हळूच म्हणायची आणि मला आजच्या दिवसात आणून सोडायची. मला फार वाईट वाटायचं. तिला तो दिवस दाखवण्यापलीकडे मी काही करू शकत नव्हतो.

पुढे चाळीचा पुनर्विकास आला. खोली अजून जगदीशच्या वडिलांच्या नावावर होती. शेवटपर्यंत म्हाताऱ्याचं सगळं मायाने आणि जगदीशने केलं होतं. लहू लग्नानंतर नालासोपाऱ्याला गेला, तेव्हा "ही खोली जगदीशची," असं सगळ्यांसमोर म्हणाला होता, पण तोंडी. आता खोलीच्या जागी फ्लॅट मिळणार म्हटल्यावर त्याने हरकत घेतली. नवा फ्लॅट कुणाच्या नावावर होणार, हे पुनर्विकासाच्या कचेरीतले अधिकारी ठरवणार होते. मायाला मूल नव्हतं, माहेर उरलं नव्हतं. ती खोली गेली तर मुंबईत पाठ टेकायलाही तिला जागा नव्हती.

खोलीवरच्या हक्काचं आपलं निवेदन तिने अगदी शेवटच्या दिवसावर नेलं. कारण आधी दुसऱ्यांची रांग होती. गुणवंती मावशी कोळीवाड्यातून येऊन बसली होती. तिची सासू ज्या मासळी बाजारात बसायची, तिथेच आता ती बसत होती. बाजाराची शेड पाडून नवी बांधणार होते आणि जुन्या बसणाऱ्या बायकांनी आपला हक्क पोर्टलवर मांडायचा होता.

"आधी माजा कर गो माया," ती म्हणाली. "बाजारातली जागा गेली तर मी पाटी घेऊन दारोदार हिंडू का आता या गुडघ्यांनी?"

"करते मावशी. बसा तुम्ही."

गुणवंतीचं झालं, आणखी दोघांचं झालं. मग मायाने स्वतःचं लिहायला घेतलं. इतरांचं लिहिताना धावणारी बोटं तेव्हा अडखळली. 'माझे पती जगदीश यांचे दिनांक सव्वीस एप्रिल दोन हजार एकवीस रोजी निधन झाले' हे वाक्य तिने दोनदा खोडून पुन्हा लिहिलं. मग वायर काढली, तारीख मागे नेली, बटण दाबलं, तारीख पुढे आणून वायर लावली. मोबाइलवर आलेला आकडा टाकून सही झाली आणि कागद गेला. शटर ओढताना ती मला म्हणाली, "झालं बाबा एकदाचं." मलाही तसंच वाटलं.

सुनावणीच्या दिवशी मी बंद होतो. दुपारी माया आली, तिच्यामागे गौतम आला. गौतम जगदीशचा मित्र, चाळीतलाच, कोर्टात वकिली करतो. मायाने मला सुरू केलं, पण टाइप काहीच केलं नाही. नुसती माझ्यासमोर बसून राहिली.

"लहूदादाच्या वकिलाला कसं सुचलं हेच कळत नाही," गौतम येरझाऱ्या घालत म्हणाला. जिन्याखाली येरझाऱ्या घालायलाही जागा नाही, दोन पावलांत तो भिंतीला लागत होता. "फाइल उघडून आतली तारीख कोण बघतं, वहिनी?"

"ज्याला माहीत आहे तो बघतो," माया म्हणाली.

कचेरीत काय झालं ते मला त्यांच्या बोलण्यातून कळलं. लहूच्या वकिलाने आपला लॅपटॉप अधिकाऱ्यांसमोर ठेवला होता. साहेब, ही फाइल चौदा एप्रिल दोन हजार पंधराला तयार झाली आहे, तो म्हणाला. आत लिहिलंय की नवरा दोन हजार एकवीसला वारला. म्हणजे नवरा धडधाकट असताना, सहा वर्षं आधीच, या बाईंनी त्याच्या मरणाचा मजकूर करून ठेवला होता की काय? तेही सुट्टीच्या दिवशी? तिथे कुणीतरी हसलं. ते हसणं सांगताना मायाचा आवाज बदलला. अधिकारी हसले नाहीत. ते म्हणाले, कागदात छेडछाड दिसते, पुढच्या वेळी खुलासा करा, नाहीतर हे निवेदन विचारात घेता येणार नाही. नवं निवेदन देण्याची मुदत संपली होती.

"खुलासा आहे ना आपल्याकडे!" गौतम माझ्यावर हात ठेवून म्हणाला. "मशीन टॅक्सीत घालू. साहेबांसमोर सुरू करू. तारीख मागे नेऊन दाखवा, बटण दाबून दाखवा. म्हणावं, सोय काढून टाकली म्हणून आम्ही असं करतो, मजकूर तर खरा आहे. त्यांना लगेच पटेल."

मी तयार होतो, मित्रांनो! इतक्या वर्षांत कुणी मला साक्षीला बोलावलं नव्हतं. मी सांगितलं असतं, तो कागद कोणत्या दुपारी झाला आणि कोणतं वाक्य तिला दोनदा लिहावं लागलं.

"आणि पटल्यावर?" मायाने विचारलं. "साहेब विचारतील, बाई, अशा तारखा फिरवून आणखी कुणाकुणाचे कागद केलेत?"

गौतमचा माझ्यावरचा हात खाली आला.

"सगळ्यांचे केलेत, गौतम. सात वर्षं झाली. गुणवंती मावशीचा निकाल लागायचाय. त्या शिंपीकाकांची केस चालू आहे. ती कांता, तिची पोटगी अजून कोर्टात आहे. सगळ्यांच्या फायलींवर चौदा एप्रिलच आहे. मी तिथे उभं राहून कबूल केलं की हे मशीन तारखा फिरवतं, की समोरचे वकील एकेक फाइल उघडत बसतील. ते काय झोपलेत का?"

"पण त्यातला मजकूर खरा आहे ना!"

"माझाही खराच होता की. आज काय झालं बघितलंस ना?"

"वहिनी, खोली जाईल. तुम्हाला ती हवीय की नकोय, एवढं सांगा मला."

"हवीय रे," माया म्हणाली आणि तिला रडू फुटलं. पदर तोंडाशी धरून ती रडली. गौतम दाराकडे तोंड करून उभा राहिला. मला ओरडावंसं वाटत होतं. पण मी यंत्र, माझा फक्त पंखा तेवढा घरघरला, आणि तो तर रोजच घरघरायचा. तिने डोळे पुसले, मग त्याच पदराने माझ्या कळांवरची धूळ पुसली.

"तू जा पुढच्या तारखेला," ती म्हणाली. "खुलासा नाही म्हणून सांग."

गौतमने ऐकलं नाही, दोन-तीनदा येऊन भांडून गेला. ती नाहीच म्हणत राहिली. तिने पलीकडच्या दुकानदाराशी बोलून त्याचा नवा संगणक भाड्याने घेतला. नवे कागद ती तिथे बसून, नव्या टाइपात, एकेक अक्षर शोधत करू लागली. मी कोपऱ्यात गेलो. निकाल लागला. मायाचं निवेदन संशयास्पद म्हणून बाजूला ठेवलं गेलं आणि खोलीचा हक्क लहूकडे गेला.

गुणवंती मावशी आली ती पापलेटाची पिशवी घेऊन. तिला नव्या बाजारात जागा मंजूर झाली होती.

"माया, तुजा कागद चालला गो! साहेब बोलला, सगळा बरोबर हाय." मग पिशवी टेबलावर ठेवून तिने मायाकडे निरखून बघितलं. "मंग तुज्याच कागदाचा असा कसा झाला? लोकांचे करतेस ते चांगले, न् स्वताचा बिघडवलास? घाई केलीस ना?"

"झाली खरी घाई, मावशी," माया म्हणाली. "पापलेट मोठं आणलंत हो."

गुणवंती काळजीने बोलत होती, तिला दोष कसा देऊ? पण तेव्हा मी विजेवर असतो तर जळून गेलो असतो.

लहू आला तो चाळ रिकामी व्हायच्या आदल्या दिवशी. जिन्याच्या पायरीशी उभा राहिला, आत आला नाही.

"तू काहीच बोलली नाहीस तिथे," तो म्हणाला. "मला वाटलेलं, तू हा डबा उचलून आणशील आणि सगळं दाखवशील. मी वकिलाला तसं सांगून पण ठेवलेलं."

"आणणार होते, भाऊजी."

"मग?"

"नम्रताची जातपडताळणी याच मशीनवर केली होती. तुम्ही इथेच बसला होतात." तिने खुर्ची दाखवली. "तिच्या अर्जावर पण चौदा एप्रिलच आहे. त्याच दाखल्यावर पोरीला नोकरी लागलीय ना?"

लहूचा चेहरा उतरला. तो खुर्चीकडे बघत राहिला. आपण भावाच्या बायकोसाठी खणलेल्या खड्ड्यावर आपलीच पोर उभी होती आणि हिने तो झाकून ठेवला, हे त्याला कळलं. मला वाटलं, आता हा काहीतरी बोलेल. माणूस आहे, बोलेल. त्याने घसा साफ केला, हात जोडल्यासारखे केले, आणि पायरी उतरून निघून गेला. खोली त्याच्याच नावावर राहिली.

माया दूर वांगणीला एका मैत्रिणीच्या शेजारी राहायला गेली. रोज येऊन-जाऊन दुकान चालवणं तिला जमेना. लोकांच्या फायली तिने एका पेनड्राइव्हवर घेऊन गौतमकडे दिल्या आणि माझ्यातल्या पुसून टाकल्या, पुढेमागे कुणी उघडू नये म्हणून. मग शेवटी तिने वायर काढली आणि तारीख मागे नेली. चौदा एप्रिल, दोन हजार पंधरा. पक्का करायला आता कुठलाच कागद नव्हता. ती नुसती बसली. दारात भंगारवाला उभा होता. या वेळी ती 'येऊ या परत' म्हणाली नाही. तिने मला तसाच त्या दिवसात ठेवून बंद केलं.

म्हणून मी इथे आहे. मित्रांनो, मोठी माणसं नवं आणतात तेव्हा जुनं काढून टाकतात. तसं व्हायचंच, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तुम्ही मोठे झालात आणि एखादी सोय बंद करायची पाळी तुमच्यावर आली, तर आधी चार घरं हिंडून बघा, तिच्यावर कुणाची भाकरी भाजते आहे. आणि कुणी आडवाटेने जाताना दिसलं तर हसण्याआधी विचारा, बाई, सरळ वाट कुणी बंद केली? मायाला त्या सुनावणीत एकानेही हे विचारलं नाही.

परवा भंगारवाल्याने मला वीज लावून पाहिली. माझा सेल संपला आहे. आता मला जाग आली की बोर्डाच्या कारखान्यातली पहिली तारीख समोर येते, तिथे भोईवाडा नाही, जगदीश नाही, माया नाही. तुमच्यापैकी कुणी या बाजूला आलं तर तेवढा सेल बदलून द्या. कुठल्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. तारीख कोणती लावायची, ते तुम्हाला माहीत आहेच.